कागदी देशांच्या फौजा

कल्पित देशांच्या फौजा मोजायला बसणे हा पुष्कळांना पोरखेळ वाटेल. जो देश नकाशावर नाही त्याच्या पायदळाची आणि घोडदळाची बेरीज करून हाती काय लागणार? आम्हालाही आधी तसेच वाटत होते. पण काही जुनी-नवी पुस्तके पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. लेखक कल्पनेने एखादा देश उभा करतो तेव्हा त्याला राजा, कायदा, शाळा, बाजार असे सगळेच ठरवावे लागते. राजवाडा हवा तसा सजवता येतो. कायदे हवे तितके शहाणे करता येतात. फौज कुठून आणली हे सांगताना मात्र त्या देशात कुणाचा जीव स्वस्त आहे हे लेखकाला सांगावेच लागते. तिथे सजावट चालत नाही. म्हणून आम्हाला वाटते, कल्पित देशाची परीक्षा त्याच्या संविधानावरून करण्याआधी त्याच्या लष्करभरतीवरून करावी.

त्यासाठी आम्ही तीन साधे प्रश्न घेतले. फौजेत कोण जातो? जाण्याआधी त्याला विचारले जाते का? आणि तो मेला तर त्याचे नाव कुठे लिहिले जाते? शस्त्रे किती, जहाजे किती, हा हिशेबही आम्ही केला आहे. पण तो या तीन प्रश्नांच्या मागे ठेवला आहे.

आमच्यापैकी अनेकांची कल्पित राज्यांशी पहिली गाठ पडली ती दास्तानांत. अमीर हमजाची दास्तान कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली, कुणी उर्दू किताबांतून वाचली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापायला सुरुवात केली. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर हे त्यांचे दास्तानगो. जादूगारांचा बादशहा अफरासियाब आणि हमजाच्या पक्षाचे सरदार समोरासमोर येतात. लष्करांची गणती लाखांत चालते. एवढ्या फौजा उभ्या असूनही खरी लढाई जिंकतो तो उम्रो अय्यार, आपली जंबील, वेषांतर आणि हजरजबाबी यांच्या जोरावर.

या दास्तानांत एक ठराविक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. मोठा जादूगार मारला गेला की अंधार दाटतो, वादळ सुटते, आणि आकाशातून आवाज येऊन मेलेल्याचे नाव सांगतो. लहानपणी आम्हाला याचे भय वाटे. आता वाचताना दुसरेच जाणवते. नाव पुकारले जाते ते जादूगाराचे. त्याच्या बरोबर जे हजारो साधे शिपाई कापले गेले त्यांच्यासाठी वादळ सुटत नाही. ते कुठल्या गावचे, त्यांना कुणी आणले, कशाच्या बदल्यात आणले, हे दास्तानगो सांगत नाही. ऐकणाराही विचारत नाही. दास्तानेचा आनंद कमी करण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. पण तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर कसे असते, हे इथे स्पष्ट दिसते: नाव सरदाराचे, संख्या शिपायाची.

दास्तानेतल्या या संख्येची थट्टा करणारा मोठा लेखक आम्हाला भेटला तो जोनाथन स्विफ्ट. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' १७२६ साली आले. आपल्याकडे त्याचा पहिला भाग मुलांची गोष्ट म्हणून शाळेत शिकवला जातो आणि तिथेच त्याची धार बोथट होते. सहा इंच उंचीच्या माणसांचा लिलिपुट हा देश आणि समोरच्या बेटावरचा ब्लेफुस्कू यांचे युद्ध छत्तीस महिने चालू आहे. कारण काय, तर अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान. लिलिपुटने या युद्धात चाळीस मोठी जहाजे आणि तीस हजार उत्तम खलाशी व शिपाई गमावले आहेत. शत्रूचे नुकसान थोडे अधिकच असेल, असा दरबाराचा अंदाज आहे. त्याआधी अंड्याच्या प्रश्नावर राजाज्ञा मोडून अकरा हजार लोक मरणाला सामोरे गेले ते वेगळे.

बादशहाला आपल्या फौजेचा अभिमान इतका, की गलिव्हरला पाय फाकवून उभे करून तो त्याच्या पायांखालून तीन हजार पायदळ आणि एक हजार घोडदळाचे संचलन काढतो. गलिव्हरच्या विजारीची दशा बरी नव्हती. म्हणून वर पाहू नये अशी शिपायांना मृत्युदंडाची ताकीद होती. तरुण अधिकाऱ्यांनी तरीही वर पाहिलेच. स्विफ्टचे हसू इथे आहे. पण त्याची खरी बोच पुढे आहे, आणि लहान मुलांच्या आवृत्त्यांत ती बहुधा पुसट होते.

लिलिपुटमध्ये सक्तीची भरती झालेला पहिला शिपाई आपल्याला माहीत आहे. तो खुद्द गलिव्हर. त्याला साखळदंडातून सोडले जाते ते एका करारावर. त्यातले एक कलम असे की ब्लेफुस्कूविरुद्ध त्याने बादशहाचा साथी व्हावे आणि शत्रूचे आरमार नष्ट करण्यासाठी झटावे. बदल्यात सतराशेहून अधिक लिलिपुटियनांना पुरेल एवढे रोजचे अन्न. म्हणजे पोट आणि पायातली बेडी, दोन्हींची चावी फौजेच्या हातात. वरवर पाहता गलिव्हरने राजीखुशीने सही केली. ज्याच्या पायात साखळी आहे त्याच्या राजीखुशीला किती किंमत द्यायची, हे स्विफ्ट वाचकावर सोडतो.

गलिव्हर शत्रूची पन्नास मोठी जहाजे दोरांनी ओढून आणतो. बादशहाचे समाधान होत नाही. आता त्याला ब्लेफुस्कू आपला एक प्रांत करायचा आहे. इथे गलिव्हर नकार देतो. एका स्वतंत्र आणि शूर जनतेला गुलाम करण्याचे हत्यार मी होणार नाही, असे तो सांगतो. त्यानंतर त्याच्यावर राजद्रोहाचे आरोप येतात आणि डोळे फोडण्याची शिक्षा ठरते. तीसुद्धा दया म्हणून. दहाव्या शतकातला आपला फाराबी आदर्श नगराबरोबर बिघडलेल्या नगरांचीही वर्गवारी करतो. त्यात 'तगल्लुब'चे नगर आहे. दुसऱ्यावर मात करणे हेच ज्यांचे सुख, अशांचे नगर. लिलिपुटला त्या यादीत बसवायला काहीच अडचण नाही. बुटक्यांची बादशाही असली तरी भूक मोठी होती.

याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात राक्षसांएवढ्या माणसांचा ब्रॉबडिंगनॅग हा देश आहे. तिथली फौज एक लाख शहात्तर हजार पायदळ आणि बत्तीस हजार घोडदळ. लिलिपुटच्या संचलनाच्या बावन्न पट, आणि एकेक शिपाई ताडाएवढा! पण ही फौज शहरातल्या धंदेवाल्यांची आणि गावातल्या शेतकऱ्यांची आहे. सरदारांना पगार नाही, बक्षीस नाही. आजूबाजूला शत्रू नाही, देशात बाहेरून वाट नाही, तरी ही फौज का? स्विफ्ट सांगतो, की सरदारांना सत्ता हवी होती, रयतेला स्वातंत्र्य हवे होते, राजाला निरंकुश अधिकार हवा होता. या ओढाताणीत अनेकदा यादवी झाली. शेवटी सर्वांच्या संमतीने तडजोड झाली आणि ही फौज ठरली. शांततेच्या काळात, स्वतंत्र लोकांच्या मध्ये भाडोत्री खडी फौज ठेवायची हे गलिव्हरच्या देशाचे धोरण ऐकून तिथला राजा थक्क होतो. बंदुकीच्या दारूची कृती तर तो ऐकूनही घ्यायला तयार नाही.

ब्रॉबडिंगनॅग निर्दोष नाही. शेतकरी आपल्या जमीनदाराच्या हुकुमाखाली लढतो. कुळाला मालकापुढे 'नाही' म्हणता येते का, हे कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायला नको. तरीही दोन देश शेजारी ठेवले तर फरक दिसतो. लिलिपुटची फौज बादशहाच्या इच्छेवर चालते. ब्रॉबडिंगनॅगची फौज एका तडजोडीतून आली आहे, आणि म्हणून ती परक्या किनाऱ्यावर जात नाही.

स्विफ्टच्या दोनशे दहा वर्षे आधी, १५१६ साली, टॉमस मोर या इंग्रज विद्वानाने लॅटिनमध्ये 'यूटोपिया' लिहिले. आदर्श राज्याला पुढे हेच नाव पडले. यूटोपियात चोपन्न शहरे आहेत, खासगी मालमत्ता नाही, आणि युद्धाला तिथले लोक पशूंचे काम समजतात. तरीही स्त्री-पुरुष दोघेही नेमल्या दिवशी लष्करी शिक्षण घेतात. परदेशी लढाईसाठी कुणावर सक्ती नाही. प्रत्येक शहरातून स्वेच्छेने येणाऱ्यांतून निवड होते. भित्रा माणूस नेला तर तो इतरांचाही धीर खचवतो, असे त्यांचे गणित आहे. बायकांना नवऱ्याबरोबर रणात जाण्याची मुभा आहे. आमच्या पहिल्या दोन प्रश्नांची इतकी चांगली उत्तरे सोळाव्या शतकात मिळतील असे वाटले नव्हते.

पण पुढचे पान उलटले की चित्र पालटते. आपली माणसे मरू नयेत म्हणून यूटोपियावाले पाचशे मैलांवरच्या झापोलेत नावाच्या डोंगरी लोकांना भाड्याने आणतात. त्यांना जगात कुणी देत नाही एवढा पगार देतात. आणि ते किती मरतात याची पर्वा करीत नाहीत. उलट असल्या जमातीपासून पृथ्वी मोकळी झाली तर मानवजातीवर उपकारच होतील, असे मानतात. ज्या सोन्याची यूटोपियात घाणीची भांडी आणि गुलामांच्या बेड्या करतात, तेच सोने या पगारासाठी जपून ठेवलेले आहे. शिवाय युद्धाच्या न्याय्य कारणांत एक कारण असे आहे: एखाद्या लोकांकडे पडीक जमीन असेल आणि ते ती इतरांना कसू देत नसतील, तर त्यांच्याशी लढणे रास्त. पुढच्या चार शतकांत युरोपीय जहाजे जगभर हेच कारण सांगत फिरली.

आम्ही हे पुस्तक वाचताना यूटोपियन म्हणून वाचू शकत नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या यूटोपियात आपले आजे-पणजे झापोलेत होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी आघाड्यांवर गेली. इंग्लंडने आपल्या बेटावर १९१६ साली सक्तीच्या भरतीचा कायदा केला. हिंदी शिपाई मात्र कागदोपत्री 'स्वेच्छेने' गेला. दुष्काळ, कर्ज, गावच्या वतनदाराचा शब्द यांना स्वेच्छेत मोजले गेले. त्यात मुसलमान शिपायांपुढे तुर्कांविरुद्ध लढण्याचा पेच होता. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी सिंगापूरमध्ये ५ व्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुस्लिम शिपायांनी बंड केले. आपल्याला तुर्कांवर धाडणार अशी त्यांच्यात कुजबुज होती. बंड मोडले गेले आणि सत्तेचाळीस जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या. मोरने झापोलेतांची बाजू लिहिली नाही. ती लिहिण्याचे काम झापोलेतांच्या नातवंडांवर येते.

स्वेच्छा आणि सक्ती यांचा हा गुंता विसाव्या शतकातल्या दोन अमेरिकन कादंबऱ्यांत समोरासमोर उभा राहतो. रॉबर्ट हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स' १९५९ ची. हा लेखक नौदल अकादमीतून बाहेर पडलेला अधिकारी. क्षयामुळे १९३४ मध्ये त्याला नौदल सोडावे लागले. त्याच्या भविष्यातल्या राज्यात सक्ती अजिबात नाही. कुणीही सरकारी सेवेला जाऊ नये, काही बिघडत नाही. फक्त मतदानाचा हक्क मिळतो तो किमान दोन वर्षांची ही सेवा पुरी करणाऱ्याला. सेवा मधेच सोडली तर तो हक्क पुन्हा कधीच मिळत नाही. या राज्याची फौज यादीतल्या सर्व देशांत बलाढ्य आहे. अंगभर चढवायच्या यांत्रिक चिलखतातून तिचे शिपाई ग्रहांवर उतरतात. कादंबरी वेगवान आहे, तरुणांना आवडते, हे आम्ही मान्य करतो. पण तिचा मूळ विचार आम्हाला मान्य नाही. दार उघडे ठेवायचे आणि दाराबाहेर नागरिकत्व टांगायचे, याला स्वेच्छा म्हणता येत नाही. देशासाठी रक्त द्यायची तयारी दाखवेल त्याचाच देश, हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे. मात्र ते वाक्य नेहमी काही ठराविक लोकांनाच ऐकवले जाते.

दुसरी कादंबरी जो हाल्डेमनची 'द फॉरएव्हर वॉर', १९७४ ची. हाल्डेमनला १९६७ साली सक्तीने भरती करून व्हिएतनामला पाठवले गेले. तिथे तो जखमी झाला. त्याच्या कादंबरीत सक्तीच्या भरतीचा कायदाच निराळा आहे: पन्नास पुरुष आणि पन्नास स्त्रिया, देशातले सर्वांत बुद्धिमान, निवडून न्यायचे. गरिबाऐवजी हुशाराला न्यायचे, एवढाच बदल. विचारायचे मात्र कुणालाच नाही. कथानायक मँडेला हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास केल्यामुळे त्याच्या काही महिन्यांत पृथ्वीवर दशके, शतके उलटतात. तो परततो तेव्हा आई-बाप, भाषा, रीतीभाती, काहीच ओळखीचे उरलेले नसते. ते जग परके वाटते म्हणून तो पुन्हा फौजेत जातो. ११४३ वर्षे चाललेले हे युद्ध गैरसमजातून सुरू झाले आणि दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलता येत नव्हते म्हणून चालू राहिले, हे शेवटी कळते. आखातात वीस-वीस वर्षे काढून परतलेल्या आपल्या माणसाला घरात जे पाहुणेपण जाणवते, त्याची आठवण आम्हाला ही कादंबरी वाचताना आली. शिपायाचे हे नुकसान कुठल्याच पेन्शनीत धरलेले नसते.

ज्या १९६७ साली हाल्डेमनची भरती झाली, त्याच साली २८ एप्रिलला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारले गेल्यावर मुहम्मद अली पुढे आले नाहीत. मुष्टियुद्धातले जगज्जेतेपद हिरावले गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. गलिव्हरच्या नकाराला कादंबरीत पळवाट होती. तो बेट सोडून जाऊ शकला. अलींना बेट सोडायचे नव्हते. आपल्याच देशात उभे राहून आपल्याच देशाला 'नाही' म्हणायचे होते. स्वेच्छेची खरी कसोटी इथे लागते. ज्या देशात 'नाही' म्हणणारा देशातच राहू शकतो, त्या देशातल्या 'हो'ला किंमत येते.

आतापर्यंतच्या देशांत निदान शिपाई होता. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीत तो जवळजवळ नाहीसा होतो. बिहारच्या मोतिहारीत जन्मलेल्या या लेखकाचे हे पुस्तक १९४९ साली आले. ओशेनिया, युरेशिया आणि ईस्टेशिया ही तीन महाराज्ये पंचवीस वर्षे लढत आहेत. बळाच्या बाबतीत तिघे असे तुल्य, की दोघे एकत्र आले तरी तिसऱ्याला जिंकू शकत नाहीत. प्रत्यक्ष लढतात ते थोडे, तरबेज लोक. लढाई चालते ती टँजियर, ब्राझाव्हिल, डार्विन आणि हाँगकाँग या चार टोकांमधल्या मुलखासाठी. जगाची एक पंचमांश लोकसंख्या तिथे राहते आणि मालक बदलत राहतात तसे तिचे श्रम या हातातून त्या हातात जातात. हा मुलूख उत्तर आफ्रिकेपासून आपल्या आशियापर्यंतचा आहे, हे नकाशावर बोट ठेवून पाहावे. मुख्य शहरांतले नायक-खलनायक सगळ्यांना पाठ असतात. ज्यांच्या अंगणात युद्ध चालते ते कादंबरीत एका परिच्छेदापुरते येतात.

मग ओशेनियाला एवढ्या युद्धाची गरज काय? ऑर्वेलचे उत्तर असे, की कारखान्यांचे जादा उत्पादन लोकांच्या घरात न जाता जाळून टाकता यावे आणि वरचे वर, खालचे खाली राहावेत. अशा राज्याला शरीरांची सक्तीची भरती फारशी लागत नाही. ते मनांची भरती करते. रोज दोन मिनिटे द्वेष करायला सगळे जमतात. मुले हेर-पथकात भरती होतात आणि आपल्याच बापाची चहाडी करतात. द्वेष-सप्ताहात भाषण चालू असतानाच शत्रू बदलतो. वक्ता वाक्य न तोडता नव्या शत्रूचे नाव घेतो, आणि गर्दीला काही खटकत नाही. लष्करी सामर्थ्याच्या तक्त्यात ओशेनियाला कुठे ठेवायचे, हा आम्हाला मोठा प्रश्न पडला. शिपाई थोडे, पण घरबसल्या लढणारे कोट्यवधी. संध्याकाळी दूरचित्रवाणीवरच्या चर्चा बघणाऱ्या आजच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

शेवटी ज्या देशाकडे यायचे म्हणून आम्ही एवढा फेरा घेतला, तो देश. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. रंगपूरजवळच्या पैराबंद गावात १८८० साली जन्मलेल्या, कडक पडद्यात वाढलेल्या, थोरल्या भावाकडून इंग्रजी शिकलेल्या या मुस्लिम बाईने पंचविशीत एक अख्खा देश रचला. त्याचे नाव लेडीलँड.

या देशावर युद्ध येते ते जमिनीवरून नव्हे, अंड्यावरून तर नव्हेच. शेजारच्या राजाच्या जुलमाला कंटाळून काही लोक आश्रयाला येतात. तो राजा त्यांना परत मागतो. राणी आश्रितांना परत देत नाही. म्हणून तो चालून येतो. पुरुषांची फौज शौर्याने लढते. सोळा वर्षांचा पोरगाही घरी राहत नाही. तरी शत्रू राजधानीपासून पंचवीस मैलांवर येतो. तेव्हा एका विद्यापीठाची प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन निघते. त्यांनी सूर्याची उष्णता साठवण्याची विद्या साधलेली असते. ज्या वर्षांत त्या हे संशोधन करीत होत्या, त्या वर्षांत पुरुष फौजफाटा वाढवीत होते आणि बायकांच्या या उद्योगाला हसत होते. सूर्याचे एकवटलेले किरण शत्रूवर सोडताच तो पळ काढतो. मागे राहिलेली शस्त्रे जाळून टाकली जातात. पुढे कुणी लेडीलँडच्या वाटेला जात नाही. दुसऱ्याच्या मुलखाची किंवा कोहिनूरसारख्या हिऱ्याची राणीला हाव नाही.

संख्या पाहिली तर या यादीतली ही सर्वांत लहान फौज: दोन हजार. तीही कायमची नाही. काम झाले की वर्गात परत. तरी ती यादीतल्या बाकी कुणालाही जमले नाही ते करते. ती युद्ध संपवते. आमच्या मते याचे कारण यंत्रात नाही. लढाईचे कारण रास्त आहे आणि जिंकल्यावर थांबायचे कुठे हे ठरलेले आहे, यात ते आहे.

मात्र कौतुकात आम्ही डोळे मिटणार नाही. प्राचार्येची अट असते, की आम्ही बाहेर पडण्याआधी पुरुषांनी जनानखान्यात जावे. थकलेले, जखमी पुरुष एक शब्द न बोलता आत जातात आणि आतच राहतात. पुढे काही पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी आपापल्या जागी परत घेण्याची विनंती करतात, तेव्हा राणी परिपत्रक काढते: गरज पडली तर बोलावू, तोवर आहात तिथेच राहा. हसू येते, आणि लगेच थांबते. कारण हे वाक्य हिंदुस्थानातल्या बायका पिढ्यानपिढ्या ऐकत आल्या होत्या. रुकैयांनी ते फक्त उलटे फिरवले. तरीही आमचा दुसरा प्रश्न लेडीलँडलाही लागू आहे. पुरुषांना विचारले गेले नाही. त्या दोन हजार मुलींना विचारले का, हेही कथेत येत नाही. पंचविशीतल्या लेखिकेकडून सगळी उत्तरे मागणे बरे नव्हे. पण प्रश्न तिच्याच कथेने शिकवला आहे, म्हणून तिलाही विचारला.

हा सगळा हिशेब आम्ही मराठीत, या वार्षिकात का मांडतो आहोत? कारण हा प्रश्न आमच्या घरापर्यंत येतो. आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आणि त्याच कलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची वाट सरकारला ठेवली. मात्र ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही, असेही लिहिले. कुणाला वगळायचे नाही आणि कुणाला निवडून पुढे ढकलायचे नाही, हे दोन्ही त्यात आले. वर पाहिलेल्या कल्पित देशांच्या शेजारी हे कलम ठेवून पाहिले की ते किती शहाणपणाने लिहिले आहे ते कळते.

व्यवहारात मात्र आम्हाला अनेकदा हाइनलाइनच्या राज्यात उभे केले जाते. तुम्ही देशासाठी काय दिले, असे विचारले की आम्ही घाईने ब्रिगेडियर उस्मान, १९४८ आणि अब्दुल हमीद, १९६५ ही नावे पुढे करतो. नावे अभिमानाचीच आहेत. पण ती पुरावा म्हणून वापरताना आपण नकळत मान्य करतो की रक्ताची पावती दाखवल्याशिवाय नागरिकत्व पक्के होत नाही. ही पावती दाखवायचे आपल्या लेखनाने थांबवावे, असे आम्हाला वाटते. त्या दोघांचे शौर्य त्यांचे आहे. आमचे नागरिकत्व आमचे आहे.

मुंबईत मस्जिद बंदरकडे इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. युद्धकाळात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे त्यावर आहेत. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांच्या खाड्यांतून किती सारंग, टंडेल आणि खलाशी त्या काळात आगबोटींवर होते, हे कोकणातल्या मुसलमान घरांना सांगायला नको. त्यांना कुठल्या कायद्याने ओढून नेले नव्हते. पोटाने नेले होते. जादूगार मेल्यावरच नाव पुकारणाऱ्या दास्तानेच्या मानाने हे स्मारक बरे, कारण इथे खलाशाचे नाव आहे. पण त्याला विचारले होते का, हे त्या नावांपुढे लिहिलेले नाही. ते साहित्याने लिहायचे.

आपल्या कथा-कादंबऱ्यांनी मोहल्ला, वाडी, खाडी, दंगल, तलाक, स्थलांतर हे सगळे लिहिले आणि प्रामाणिकपणे लिहिले. अख्खा देश रचण्याचे धाडस मात्र आमच्या वाचनात तरी विरळाच आढळले. रुकैयांनी ते एकशे वीसहून अधिक वर्षांपूर्वी केले, तेही शिकायला परकी असलेल्या भाषेत. मराठी ही तर आपली घरची भाषा. आपल्यापैकी कुणी, बहुधा एखादी तरुण लेखिका, असा देश मराठीत रचेल तेव्हा त्याचा झेंडा आणि राजधानी सावकाश ठरवावी. आधी भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या पहिल्या पोराला किंवा पोरीला विचारावे, की तुला यायचे आहे का. आणि उत्तर 'नाही' आले तर ते पोर संध्याकाळी बिनघोर घरी जेवायला जाईल, एवढी सोय कथेत करावी. ती कथा याच वार्षिकात वाचायला मिळाली तर आम्हाला आनंद होईल.